वादातून आलेला ध्वज

(सिन्नर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



माझा ठरलेला विषय दुसराच होता. सहकारी संस्थांचे भांडवल आणि त्यांची मालकी यांविषयी मी बोलणार होतो आणि त्याची टिपणेही खिशात आहेत. परंतु सकाळच्या सत्रानंतर विडी कामगारांत काम करणाऱ्या एका भगिनीने मला गाठले आणि विचारले, ‘‘सर, मोर्चात तिरंगा घ्यायचा की नाही? घेतला तर आपलेच साथी विचारतात की सरकारी कार्यक्रमाला निघालात काय. नाही घेतला तर रस्त्यावरचे लोक म्हणतात, यांना देशाचा झेंडा चालत नाही. आम्ही करायचे काय?’’ मी म्हटले, ताई, याचे उत्तर चहाच्या कपाबरोबर देता येणार नाही, संध्याकाळी देतो. तेव्हा सहकाराचा विषय पुढल्या खेपेस.

आपण बसलो आहोत ते गाव यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे. यादवांच्या ध्वजावर गरुड होता. तो असावा की नसावा, हे सिन्नरच्या विणकराला किंवा कुणब्याला कोणी विचारले नव्हते. पुढे मराठ्यांचा भगवा आला, पेशवाईत जरीपटका आला, नंतर युनियन जॅक आला. यांपैकी काही ध्वजांवर लोकांनी मनापासून प्रेम केले, काहींचा तिरस्कार केला. परंतु ध्वज कोणता असावा यावर रयतेने वाद घालायचा असतो, ही कल्पनाच त्या काळी नव्हती. राजा बदलला की निशाण बदलत असे. तिरंग्याचे वेगळेपण मला येथे दिसते. तो कोणा एका चित्रकाराच्या कुंचल्यातून किंवा एका महापुरुषाच्या आज्ञेतून आलेला नाही. पाठ्यपुस्तकाला एकच नाव सोयीचे असते, म्हणून पिंगळी वेंकय्यांचे नाव आपण पाठ करतो. त्यांचा मान मोठा आहे आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. परंतु १९२१ पासून १९४७ पर्यंतची सव्वीस वर्षे या ध्वजावर जे भांडण चालले होते, ते पाठ्यपुस्तकात येत नाही. मला ते भांडण सांगायचे आहे.

१९२१ साली बेझवाड्याला काँग्रेस महासमितीची बैठक भरली तेव्हा वेंकय्यांनी गांधीजींना ध्वजाचा नमुना दाखवला. त्यात दोन रंग होते, हिंदूंसाठी तांबडा आणि मुसलमानांसाठी हिरवा. चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. इतरांचे काय, असा प्रश्न उपस्थित होताच गांधीजींनी पांढरा पट्टा घातला आणि तोही सर्वांत वर, कारण संख्येने जे सर्वांत थोडे त्यांना पहिले स्थान. हा विचार मला आजही हलवून सोडतो. मात्र त्याच्या पोटात एक दोषही होता. एकेका समाजाला एकेक रंग वाटून दिला की आपला रंग कोठे आहे असे विचारणारा उद्या उभा राहणारच. आणि तो राहिला. १९२९ पासून शीख समाजाने स्पष्ट मागणी केली की आमचाही रंग घ्या, अन्यथा रंगांचा धर्माशी लावलेला संबंध तोडा. मागणी न्याय्य होती. वाटपाच्या तत्त्वावर उभारलेली एकता नव्या वाटेकऱ्याला काय उत्तर देणार?

दरम्यान ध्वजावरून माणसे तुरुंगात जात होती. १९२३ साली नागपूरला सिव्हिल लाइन्समधून ध्वज घेऊन जाण्यास सरकारने बंदी केली, कारण तिकडे साहेबलोकांचे बंगले होते. १ मे १९२३ पासून जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ते पकडले गेल्यावर वल्लभभाई आले. विनोबांनाही अटक झाली. दीड हजारांहून अधिक माणसे गजाआड गेली आणि अखेर १८ ऑगस्टला त्याच रस्त्यावरून तोच ध्वज गेला. तारीख लक्षात ठेवा. १ मे हा आपण कामगार दिन म्हणून पाळतो, महाराष्ट्र दिन म्हणून पाळतो. झेंडा सत्याग्रहाचा आरंभही त्याच दिवशीचा.

एक गोष्ट ध्यानात घ्या. नागपूरला ज्या ध्वजासाठी लोक तुरुंगात गेले, तो काँग्रेसने तोवर ठराव करून अधिकृतपणे स्वीकारलेला नव्हता. लोकांनी तो आधी खांद्यावर घेतला आणि ठराव मागाहून आला. सोलापूरची गोष्ट तशीच. १९३० साली गिरणी कामगारांच्या त्या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा लष्करी अमलाने ज्या गोष्टींना मज्जाव केला त्यांत हा ध्वज होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले. ही चार नावे एका ओळीत वाचा. कोणता रंग कोणाचा, हे ठरवणारी समिती नेमली जाण्याला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते.

ती समिती नेमली गेली २ एप्रिल १९३१ रोजी, कराची अधिवेशनाच्या लगोलग. मूलभूत हक्कांचा आणि आर्थिक कार्यक्रमाचा ठराव करणारे ते हेच कराची अधिवेशन. कामगाराला जगण्यापुरते वेतन, मूलभूत उद्योगांवर राज्याची मालकी किंवा नियंत्रण, ही भाषा काँग्रेसच्या अधिकृत ठरावात तेथे आली. भाकरीचा प्रश्न आणि ध्वजाचा प्रश्न त्या पिढीने एकाच आठवड्यात हाताळला. ध्वजाची चर्चा म्हणजे भावनेचा खेळ, आपण आर्थिक प्रश्नाचे बोलू, असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या मित्रांनी हे विसरू नये. मीही अनेक वर्षे तसे म्हणत आलो. अर्थशास्त्राच्या माणसाला ती सवय लागते.

समितीत सात जण होते. वल्लभभाई, मौलाना आझाद, जवाहरलाल, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, आणि आपल्याकडच्यांना जवळचे असे दोघे, काकासाहेब कालेलकर व हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. समितीने प्रांतिक समित्यांना प्रश्नावली धाडली, मते मागवली आणि अहवाल दिला. ध्वज एकाच रंगाचा असावा, तो रंग केशरी असावा आणि वरच्या कोपऱ्यात चरखा असावा, अशी तिची शिफारस होती. आज कित्येकांना हे ठाऊक नसते. आझाद आणि तारासिंग ज्या समितीत होते, त्या समितीने केशरी ध्वज सुचवला होता. त्यांच्या दृष्टीने तो कोणा धर्माचा नव्हता. वेगळा, ठसठशीत आणि या देशाच्या परंपरेतला रंग एवढाच त्यांचा विचार होता.

आणि महासमितीने ती शिफारस फेटाळली! ६ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या बैठकीत असे ठरले की पट्टे तीनच राहतील, तांबड्याच्या जागी केशरी येईल, पांढरा मध्ये येईल, त्यावर निळा चरखा असेल आणि रंगांना कोणताही जातीय अर्थ राहणार नाही. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा व शौर्य. शिखांचा आक्षेप मान्य झाला, पण चौथा पट्टा जोडून नव्हे. समितीतील दिग्गजांचे म्हणणे बाजूला सारले गेले आणि त्यांपैकी कोणी रुसून बसले नाही. लोकांनी जो ध्वज घेऊन लाठ्या खाल्ल्या होत्या तो समितीच्या तर्कशुद्ध अहवालापेक्षा वजनदार ठरला. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. पण निर्णयापेक्षा तो ज्या रीतीने झाला ती रीत मला अधिक मोलाची वाटते.

यानंतरचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी हा ध्वज फडकवला. ठीक एका महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सवंगडी गोळ्यांना बळी पडले. १९५५ साली गोव्याच्या हद्दीत नानासाहेब गोऱ्यांची तुकडी शिरली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, तेव्हाही पुढे हाच ध्वज होता. समाजवादी चळवळीने हा ध्वज कोणाकडून उसना आणलेला नाही.

आता घटना समितीकडे येतो. २३ जून १९४७ रोजी राजेंद्रबाबूंच्या अध्यक्षतेखाली ध्वजासाठी समिती नेमली गेली. तीत आझाद, सरोजिनी नायडू, राजाजी, मुन्शी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २२ जुलैला नेहरूंनी ठराव मांडला. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. नेहरूंनी कारण दिले ते व्यावहारिक होते. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे आणि चरखा एका बाजूने उलटा दिसतो. सभागृहात त्यांनी दोन ध्वज दाखवले, एक रेशमी खादीचा व एक सुती खादीचा. हरि विष्णु कामतांनी दुरुस्ती दिली होती की चक्रात स्वस्तिक असावे. नमुना प्रत्यक्ष पाहिल्यावर, चक्रात ते बसणार नाही हे ओळखून, त्यांनी ती मागे घेतली. हेच कामत पुढे समाजवादी पक्षाचे लोकसभेतले गाजलेले खासदार झाले. त्यांच्या दुरुस्त्यांनी पुढे अध्यक्षांना किती घाम फोडला हे ज्येष्ठांना आठवत असेल. मुस्लिम लीगचे खलिकुझ्झमाँ व सादुल्ला पाठिंबा देण्यास उभे राहिले. आदिवासींचे नेते जयपालसिंग यांनी सांगितले की आदिवासींच्या गावोगावी स्वतःचे ध्वज पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ध्वज उभारण्याची रीत त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. आणि तरीही या ध्वजाचे त्यांनी स्वागत केले. शेवटी सर्व सभासदांनी उभे राहून ठराव स्वीकारला. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री भारतातील स्त्रियांच्या वतीने हंसाबेन मेहतांनी ध्वज सभागृहाला अर्पण केला.

तेव्हा सर्वजण खूष झाले असे मात्र नाही. ‘ऑर्गनायझर’ने १४ ऑगस्ट १९४७ च्या अंकात लिहिले की तीन हा आकडाच अशुभ आहे आणि हिंदू हा ध्वज कधीही आपला मानणार नाहीत. आज तिरंग्याची सक्तीची परीक्षा घेत फिरणाऱ्यांना हे वाचून दाखवावे. परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी नाराजी, गांधीजींची. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी उघडपणे म्हटले की ज्या ध्वजावर चरखा नाही त्याला मी वंदन करणार नाही. पुढे चक्रात चरखा पाहण्याचा अर्थ त्यांनी स्वीकारला, परंतु दुखावले गेले ते गेलेच. ज्याने हे सारे सुरू केले त्याच्याविरुद्ध निर्णय गेला, त्याने जाहीर टीका केली आणि त्याला कोणी देशद्रोही म्हटले नाही. त्या काळी ध्वजावर टीका करता येत असे. आज करून पाहा!

चरख्याऐवजी चक्र आले याचे मला फारसे दुःख नाही. कारण चरखा चित्रातून गेला तरी कापडात राहिला. ध्वज हातकताईच्या व हातविणीच्या खादीचाच असेल, हा नियम राहिला. स्वतंत्र भारताच्या मानक संस्थेने १९५१ साली जे पहिले मानक काढले, ज्याचा क्रमांकच एक, ते राष्ट्रध्वजाच्या कापडाचे आणि मापांचे. लोखंड, सिमेंट, वीज हे सगळे त्यानंतर. ध्वजाच्या खादीतून धारवाडकडच्या गरगला, हुबळीजवळच्या बेंगेरीला, आपल्या नांदेडला कातणाऱ्या आणि विणणाऱ्या हातांना काम मिळत आले. विडीला हजारावर मजुरी, सुताला गुंडीवर. येथल्या भगिनींना त्या कष्टाचा हिशेब मी शिकवायला नको. प्रत्येक सरकारी इमारतीवर फडकणाऱ्या वस्तूत त्या बाईची मजुरी विणलेली होती. ज्याला आपण प्रतीक म्हणतो त्याच्या पोटात इतकी रोकडी अर्थव्यवस्था क्वचितच सापडते.

३० डिसेंबर २०२१ रोजी गृहमंत्रालयाच्या एका आदेशाने ध्वजसंहितेत बदल झाला. यंत्रावर केलेले आणि पॉलिएस्टरचे ध्वज चालतील असे ठरले. पुढल्या वर्षी ‘हर घर तिरंगा’ आला, वीस कोटी घरांचे उद्दिष्ट जाहीर झाले. मी येथे सरळपणे दुसरी बाजूही मांडतो. खादीचा प्रमाणित ध्वज महाग असतो, तो विडी वळणाऱ्या बाईला परवडत नाही, आणि वीस कोटी ध्वज हातमागावर काही महिन्यांत होणे अशक्य आहे. सामान्य नागरिकाला वर्षभर घरावर ध्वज लावण्याची मुभा २००२ च्या संहितेने दिली, तो त्याचा मूलभूत हक्क असल्याचे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याचा मला आनंद आहे. झेंडा स्वस्त होऊन झोपडीवर गेला तर समाजवाद्याने नाक मुरडू नये.

तक्रार वेगळी आहे. ज्या वस्तूच्या एका चाकावर देशाने सव्वीस वर्षे वाद घातला, तिचे कापड एका आदेशाने बदलले. संहिता ही शासकीय सूचना आहे, कायदा नव्हे, म्हणून तसे करता आले. कातणाऱ्यांना कोणी विचारले? घरगुती वापराला स्वस्त ध्वज आणि शासकीय कार्यालये, शाळा, ग्रामपंचायती यांना खादीचाच ध्वज, एवढी साधी वाटणी का सुचू नये? मागणीची हमी वर्षभराची असेल तर हातमागही ती पुरवू शकतो. तीन दिवसांत उसळणारी मागणी गिरणीलाच मिळणार. २०२२ च्या त्या ऑगस्टनंतर माझ्या घराजवळच्या गटाराच्या कडेला चार-पाच पॉलिएस्टरचे ध्वज मी उचलले. ते अजून माझ्या कपाटात आहेत. खादी मातीत विरून जाते. याचे काय करावे मला समजलेले नाही.

बाहेरच्या देशांनी काय केले तेही थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या संसदेने १९६४ साली सहा महिने ध्वजावर भांडण केले. पंतप्रधान पिअर्सन यांना तीन पानांचा नमुना हवा होता. पंधरा सभासदांची समिती नेमली. विरोधकांना वाटले सरकारपक्ष तीन पानांनाच मत देणार, म्हणून त्यांनी एका पानाला मत दिले. सरकारपक्षानेही एकालाच दिले आणि १४ विरुद्ध ० मतांनी ते पान मंजूर होऊन बसले! पुढे सभागृहात १६३ विरुद्ध ७८. दक्षिण आफ्रिकेने १९९३ साली लोकांकडून सात हजारांवर नमुने मागवले, एकही पसंत पडला नाही. निवडणूक सहा आठवड्यांवर आली तेव्हा फ्रेडरिक ब्राउनेल यांचा नमुना तात्पुरता म्हणून स्वीकारला गेला, आणि ज्याला तात्पुरता म्हटले त्याच्यावर लोक इतके जडले की १९९६ च्या घटनेत तो कायम झाला. न्यूझीलंडने याउलट सर्व काही शास्त्रशुद्ध केले. दहा हजारांहून अधिक नमुने, दोन सार्वमते, सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरांची तरतूद. मार्च २०१६ मध्ये ५६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी जुनाच ध्वज ठेवला. प्रक्रिया निर्दोष होती, पण ती वरून आली होती. नवा ध्वज घेऊन तेथे कोणी तुरुंगात गेले नव्हते. आपल्याकडे नेमके उलटे घडले.

आता ताईंचा प्रश्न. घ्या. तिरंगा मोर्चात अवश्य घ्या. दिल्लीच्या सीमांवर २०२०-२१ मध्ये शेतकरी वर्षभर बसले, तेव्हा ट्रॅक्टरवर संघटनेचा झेंडा होता आणि तिरंगाही होता. त्यांना कोणाचे प्रमाणपत्र लागले नाही. लाल बावटा सोडा असे मी म्हणत नाही. तो आपल्या कामाचा झेंडा आहे, आणि हा ज्या घटनेकडे आपण किमान वेतन मागतो त्या घटनेचा आहे. दोन्ही एका हातात मावत नसतील तर दोन माणसे लागतील, एवढेच. ज्या साथींना तिरंग्याचा संकोच वाटतो त्यांना मी सोलापूर आणि नंदुरबार सांगेन. आपण तो ठेवून दिला म्हणून दुसऱ्यांनी उचलला. त्यांनी हिसकावून नेला असे म्हणणे पूर्ण खरे नाही.

आणि एक काम सुचवतो. या तालुक्यात जेथे जेथे आपला सभासद ग्रामपंचायतीत आहे, तेथे ग्रामसभेत ठराव मांडावा की पंचायतीचा आणि गावच्या शाळेचा ध्वज यापुढे खादीचाच घेतला जाईल. खर्च काही हजारांच्या आतला आहे. कोणी विरोध केला, पॉलिएस्टर टिकाऊ असते म्हणाला, तर त्याला बोलू द्या, त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मग मत घ्या. हरलात तर पुढल्या ग्रामसभेत पुन्हा मांडा.

मोर्चापुरते दोन नियम लक्षात ठेवा. इतर झेंड्यांच्या रांगेबरोबर चालताना तिरंगा आपल्या चालीच्या उजव्या बाजूस किंवा रांगेच्या मध्यभागी पुढे असावा, आणि त्यावर घोषणा किंवा संघटनेचे नाव लिहू नये. मोर्चा संपल्यावर तो ट्रकमध्ये फलकांच्या ढिगावर टाकू नका, घडी करून कोणाच्या तरी पिशवीत द्या. १ मेच्या मोर्चात काठी कोणी धरायची ते ताई आणि त्यांचे साथी आपसात ठरवतील. माझी टिपणे खिशातच राहिली आहेत. सहकारावर प्रश्न असतील तर जेवणानंतर मी येथेच आहे.